मॅलेट घराण्याची वंशावळ

वाचकहो, बदलापूरच्या फलाटावर उभे राहून दक्षिणेकडे नजर टाका. चंदेरीचा सुळका दिसेल, आणि त्याच डोंगररांगेत पुढे माथेरानचे पठार आहे. या पठाराचे नाव एका इंग्रज सरदार-घराण्याच्या वंशावळीशी कसे जोडले गेले, ते आज पाहू.

या घराण्याचा मूळ पुरुष चार्ल्स वॉर मॅलेट. जन्म १७५२ चा, बाप इंग्लंडात पाद्री. कंपनीच्या नोकरीत चढत चढत तो पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील झाला. तेव्हा गादीवर सवाई माधवराव आणि कारभारी नाना फडणीस. कल्याण प्रांत पेशव्यांकडेच होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी असा तह झाला. तो जमवून आणला मॅलेटने, आणि त्याचे बक्षीस म्हणून १७९१ मध्ये त्याला ‘बॅरोनेट’ ही पदवी मिळाली.

आता बॅरोनेट म्हणजे काय? ही पदवी इंग्लंडच्या राजाने १६११ मध्ये सुरू केली. नावामागे ‘सर’ लागते. मात्र लॉर्डांच्या सभेत जागा मिळत नाही. आपल्या वतनासारखी ती वंशपरंपरा चालते, पण वतनासारख्या वाटण्या होत नाहीत. बापामागून विवाहापासून झालेल्या थोरल्या मुलाकडे ती जाते. मुलगा नसला, तर भाऊ, पुतण्या, चुलत शाखा. मुलीला ती नाही.

ही अट साधी वाटते, पण तिची धार पाहा. हिंदुस्थानात असताना मॅलेटचे घर आंबर कौर नावाच्या बाईबरोबर होते. तिची तसबीर पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने रंगवली. तिच्यापासून मॅलेटला मुले झाली. ती वयाने आधीची, पण पदवीच्या लेखी नाहीत! १७९५ मध्ये वेल्स वारला. पुढे इंग्लंडात परतल्यावर १७९९ मध्ये मॅलेटने वेल्सचीच मुलगी सुसाना हिच्याशी लग्न केले. तिला आठ मुलगे झाले आणि वंशवृक्ष तिथून फुटला.

१८१५ मध्ये सर चार्ल्स वारला. थोरला अलेक्झांडर दुसरा बॅरोनेट झाला. तो जर्मनीत इंग्लंडचा वकील होता. त्याचा मुलगा हेन्री तिसरा, आणि हेन्रीचा भाऊ एडवर्ड चौथा. हा एडवर्ड इजिप्त आणि बर्लिन इथल्या राजकारणात गाजला. तो १९०८ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा पदवी दुसऱ्या शाखेकडे गेली.

धाकट्यांच्या वाट्याला पदवी नाही. त्यांनी नोकरी शोधायची. त्यांतलाच एक ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर झाला. १८१७ च्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे आले होते, म्हणजे बापाने जो मुलूख पेशव्यांचा म्हणून पाहिला, त्यात मुलगा अंमल करीत होता. १८५० च्या मे महिन्यात तो चौक गावावरून माथेरान चढला आणि पुढे तिथे घर बांधले. म्हणून पुस्तके म्हणतात, माथेरान मॅलेटने शोधले. पण बरे का, ठाकर, धनगर आणि कातकरी त्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या तुडवीत होते. ‘शोधले’ म्हणजे सरकारी कागदावर आणले, एवढेच.

वंशावळीचे असेच असते. अंबरनाथच्या देवळात शके ९८२ च्या शिलालेखात शिलाहार राजाचे नाव आहे, पण दगड घडवणाऱ्या हातांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचे घरदार मागे राहिले. आजोबा-पणजोबांची नावे मात्र आठवणीतून बरोबर आली. कागद पदवी सांभाळतो, माणसे माणसांनीच सांभाळावी लागतात.

तेव्हा आज घरी गेलात की थोरल्यांना चार पिढ्यांची नावे विचारा आणि लिहून ठेवा. आणि हो, आज्यांची, पणज्यांचीही नावे विचारा. त्या यादीतून एखादी आंबर कौर गळता कामा नये.