शंभर कोंबड्यांची बाटली

अजून उजाडायचं आहे, पण डालग्यांखाली कुरकुर सुरू झाली आहे. पडवीत पाच डालगी उपडी घातलेली. दोहोंवर दगड, एकावर जुनं गोणपाट. कुठल्या डालग्यात कोण आहे ते घरातल्या आजीला नुसत्या आवाजावरून कळतं. ती बोट करत करत ओळख करून देते. यात तांबडी आणि तिची तलंग, त्यात बोडक्या मानेची, आणि कोपऱ्यातल्या डालग्यात कोंबडा एकटा, कारण तो अंधारात शेजारणीला चोची मारतो.

चिंचपाडा स्टेशनापासून थोडं आत, चढावर हा पाडा आहे. खाली सुरत-भुसावळ मार्गावरून मालगाडी चाललीय, तिचा आवाज बराच वेळ पुरतो. माघातली थंडी आहे. आठ-नऊ घरं, कुडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, एक-दोन घरांवर नवा पत्रा. अंगणांमध्ये कुंपण कुठेच नाही. भाताच्या पेंढ्याची गंजी एकाची, पण तिच्या बुडाशी अंडी घालायला शेजारची कबरी रोज येते, आणि ती अंडी कबरीच्या मालकिणीला नेऊन द्यायची हे ठरलेलंच. कोंबड्या दिवसभर साऱ्या पाड्यात चरतात, रात्री आपापल्या घरी डालल्या जातात. ओळख पटावी म्हणून कुणी पायाला लाल चिंधी बांधलीय, कुणी निळी. पोरांना चिंधीही लागत नाही. सहा-सात वर्षांची एक मुलगी चालता चालता सांगते, ही मामीची, ही आमची, हिचा पाय कुत्र्यानं धरला होता.

आज डालगी उघडायची नाहीत, असा निरोप काल रात्रीच घरोघर गेला आहे. आज लस टोचायची आहे. एकदा कोंबड्या बाहेर सुटल्या की दुपारपर्यंत हाती लागत नाहीत, म्हणून हे काम उजाडायच्या आत.

पशुसखी येते ती हातात थर्मास धरून. ही खालच्याच पाड्यातली सून, ‘उमेद’च्या बचत गटातली. प्रशिक्षण घेऊन आता आसपासच्या पाड्यांवर शेळ्या-कोंबड्यांचं ती बघते. ओट्यावर पिशवी ठेवून आधी हात धुते, मग थर्मासचं झाकण उघडते. आत बर्फाचे खडे आणि त्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन चिमुकल्या बाटल्या. एक लासोटाची, पिल्लांसाठी. दुसरी आर-टू-बीची, दोन महिन्यांपुढच्या कोंबड्यांसाठी. लेबल वाचायला ती कंदील नव्हे, मोबाइल जवळ धरते. पुण्याला औंधमध्ये सरकारची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे तयार झालेली ही लस. बाटलीच्या तळाशी पांढुरक्या भुकटीचा पातळ थर दिसतो, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. त्यात शंभर कोंबड्यांची लस आहे.

सगळी मेख त्या शंभरात आहे. या पाड्यात कुणाकडे पाच कोंबड्या, कुणाकडे बारा, एका घरी पिल्लं धरून वीस. शंभर एकीकडेही नाहीत. भुकटीत पाणी मिसळलं की दोन तासांत बाटली संपवावी लागते. उरली तर उद्याला चालत नाही, आणि बर्फातून बाहेर राहिली तर आजही चालत नाही. म्हणजे एका घरानं ठरवलं म्हणून लस होत नाही. साऱ्या पाड्यानं एकाच पहाटे आपल्या कोंबड्या डालून ठेवल्या तरच होते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. परसातल्या कोंबडीचं तसं नाही, तिचा जीव शेजारपाजाऱ्यांच्या जमण्यावर टांगलेला असतो. मला या पाड्याचं अप्रूप वाटतं ते म्हणूनच.

पशुसखी मोठी सुई बाटलीत घालून पाणी सोडते आणि बाटली दोन तळव्यांत धरून अलगद फिरवते. हलवायची नाही, फेस होतो. भुकटी विरघळते. ‘चला, आता थांबायचं नाही,’ ती म्हणते, आणि एवढा वेळ शेकोटीभोवती बसलेल्या बाया उठतात.

आधी पिल्लं. आजीची सून टोपलीवरचं फडकं बाजूला करते आणि एकेक पिल्लू मुठीत धरून पुढे करते. पशुसखी ते डाव्या हातात घेते, अंगठ्यानं त्याचं डोकं किंचित कलतं करते, आणि उजव्या डोळ्यात एक थेंब सोडते. थेंब क्षणभर डोळ्यावर तसाच उभा राहतो, मोठा आणि गोल. मग आतून एक पातळ पडदा सरकतो, पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, आणि थेंब आत जिरतो. तो जिरेपर्यंत ती पिल्लू सोडत नाही. एकानं मान झटकली आणि थेंब तिच्या मनगटावर उडाला. त्याला पुन्हा दिला. घाई केली आणि थेंब सांडला तर ते पिल्लू मोजणीत येतं पण वाचत नाही, हे ती पिल्लं धरणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

मोठ्यांना पंखाखाली सुई. कोंबडी धरायची रीत पोरांकडून बघावी. पाठीमागून दोन्ही पंख एकत्र दाबून उचलतात, आणि दुसरा हात पायांखाली. ओरडणारी कोंबडी तशी धरली की गप्प होते. तांबडी, तलंग, बोडक्या मानेची. कोंबडा काढताना मात्र दोघांना लागावं लागतं. टोचून झालेली कोंबडी अंगणात सोडली की ती पंख झाडते, दोन पावलं तिरपी जाते आणि उकिरड्याकडे वळते.

तिसऱ्या घरी कोपऱ्यात एक खुडूक बसली आहे. टोपलीत राख, वर पेंढा, पेंढ्यात निरगुडीचा पाला, पिसवा होऊ नयेत म्हणून. रवणीला बसवून आठवा दिवस. हिला आज सुई नाही, पशुसखी सांगते. हिला उठवायचं नाही, पिल्लं निघाली की बघू. पण घरच्या बाईला अंडी दाखवून घ्यायची आहेत. ती कोंबडीच्या पोटाखाली हात घालते. कोंबडी फुगते, गुरगुरते, पण चोच मारत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात अंडं मोबाइलच्या दिव्यावर धरलं की कवच तांबूस उजळतं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात, मधोमध एक काळसर ठिपका. ठिपका हलतो. बघायला चार डोकी एकदम वाकतात. दुसरं अंडं नुसतंच पिवळं उजळतं, आत काही नाही. ते बाजूला. बारांतली दहा भरलेली निघतात, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे त्याला कारणही तसंच आहे. होळीच्या आसपास पिल्लं निघतील, पावसाळा लागेपर्यंत अंग धरतील.

कोंबडीचा पैसा इथे बाईचा असतो. कापसाचा, सोयाबीनचा पैसा घरात येतो आणि खताच्या, मजुरीच्या उधारीत जातो, तो कुणाच्या हातात थांबत नाही. अंडी आणि कोंबड्या बाई विकते. वह्या-पेन, एसटीचं भाडं, दवाखान्यात एकाएकी जायची वेळ आली तर लागणारे शे-दोनशे, हे त्यातून निघतं. गावरान कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो. महाशिवरात्र जवळ आली की तो आणखी चढतो, कारण देवमोगरा मातेच्या यात्रेला इथली माणसं सीमेपलीकडे गुजरातेत जातात, आणि नवसाची कोंबडी बरोबर लागते.

पण बाजार हीच धास्तीची जागाही आहे. मानमोडी पाड्यात शिरते ती बहुतेक वेळा बाजारातून. सरकारी कागदांवर तिचं नाव राणीखेत. कोंबडी झिमते, पंख गाळते, हिरवट-पांढरं शिटते, मग मान वाकडी करून गोल गोल फिरते, आणि दोन-चार दिवसांत अंगणच्या अंगण मोकळं होतं. त्यावर औषध नाही, आधी दिलेली लस एवढाच इलाज. आजारी कोंबडी दिसली की माणूस ती स्वस्तात विकून मोकळा होतो, घेणारा ती आपल्या पाड्यात आणतो, आणि न विकलेली निरोगी कोंबडी बाजारात दिवसभर तिच्याशेजारी बांधलेली असते, तीही संध्याकाळी घरी परत येते. इथल्या बायांनी यावर आपसांत एक नियम करून टाकला आहे. बाजारातून आलेली कोंबडी, विकत घेतलेली असो की विकायला नेलेली आपलीच असो, पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात राहील, आणि तिचं पाणीही वेगळं. कुठल्या कार्यालयानं हे लिहून दिलेलं नाही. मला वाटतं, एवढा एक नियम पाडोपाडी पाळला गेला तर निम्म्या कोंबड्या वाचतील.

पाचव्या घराशी काम अडतं. घरचा म्हातारा ओट्यावर बसून सांगतो, टोचून घेणार नाही. मागच्या वेळी लस दिली आणि कोंबड्यांनी अंडी बंद केली. पशुसखी त्याला खोटं पाडत नाही. ‘होय बाबा, दोन-चार दिवस मंदावतात, अंडी कमी होतात. मग पुन्हा धरतात. आणि पावसाळ्यात तुमच्या किती मेल्या?’ म्हातारा उत्तर देत नाही. त्याला दुसरंही काही आठवत असावं, कारण तो एकदम 2006 वर येतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो इथून जवळ, नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये. त्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या परसातल्या कोंबड्याही गोळा केल्या. पांढरे अंगभर पोशाख घातलेली, तोंड झाकलेली माणसं दारात यायची. म्हाताऱ्याची बहीण तिकडे दिलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत खुडूक अंड्यांवरून उचलून नेली, असं तो सांगतो. 2021 च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं. तेव्हा कोंबडीसाठी सरकारी माणूस सुई घेऊन आला की इथल्या जुन्या माणसांच्या पोटात कालवतं, ते समजण्यासारखं आहे. रोग आवरायला मारणं भाग होतं, हे खरं. पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं निवडून, राखून एक वाण सांभाळला, तिच्या हातावर ठेवलेल्या भरपाईत तो वाण परत येत नाही, हेही तितकंच खरं. पशुसखी शांतपणे ऐकून घेते. तो आजारही वेगळा, ही लसही वेगळी, एवढंच सांगते. म्हणणं पटतं की बाटलीची वेळ चाललीय हे दिसतं, सांगता येत नाही, पण म्हातारा आत जातो आणि स्वतःच डालगं उचलतो.

उजेड आता चांगलाच आला आहे. आंब्याच्या मोहोराचा वास सुटलाय. घारीची एक फेरी वर झाली, तसा बोडक्या मानेच्या कोंबडीनं घसा खरवडून इशारा दिला आणि कुणाची कुठली न बघता सगळी पिल्लं तुरीच्या काड्यांखाली पळाली.

बाटलीत पंधराएक कोंबड्यांची लस उरली आहे. एका पोराला नाल्यापलीकडच्या दोन घरांकडे पिटाळतात. थोड्या वेळानं एक बाई डोक्यावर टोपली घेऊन धापा टाकत येते, टोपलीत सात. तिच्यामागून एक तरुण सून येते, हात मोकळे. तिच्याकडच्या मागच्या श्रावणात सगळ्या गेल्या, एकही राहिली नाही. ती नुसती बघायला आल्यासारखी उभी राहते.

आजी तिला जवळ बोलावते. इथे रिकाम्या घराला कोंबडी विकत घ्यायला लावत नाहीत, अर्धेलीनं देतात. कोंबडी आजीची राहील, सांभाळणार ही. पिल्लं मोठी झाली की निम्मी आजीची, निम्मी हिची. घारीनं, मुंगसानं नेलं तर नुकसान दोघींचं. पहिल्या रवणीतून दोन तलंगा हाती राहिल्या की हिचं घर पुन्हा उभं. सरकारच्याही योजना आहेत. पंचवीस तलंगा आणि तीन नर यांचा गट निम्म्या अनुदानावर मिळतो, शंभर पिल्लांचाही मिळतो. ज्याला निम्मे पैसे भरता येतात आणि खाद्य आणता येतं त्याला त्याचा उपयोग होतो. गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्या अंडी जास्त घालतात; पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्या संपल्या की पुन्हा विकत आणायच्या. एका कोंबडीवरून दुसरं घर उभं करायचं तर रवणीला बसणारी, पिल्लांसाठी कुत्र्याच्या अंगावर धावून जाणारी ही गावरानच लागते. सुधारित पक्षी वाटणाऱ्यांनी ही गोष्ट हिशेबात धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘आज नेऊ का?’ सून विचारते.

‘आज नाही,’ आजीच्या आधी पशुसखीच बोलते. ‘सुई आज दिली म्हणून आजच अंगात ताकद येत नाही. पंधरा दिवस इथेच राहू दे.’ ती सुया डब्यात टाकते, रिकाम्या बाटल्या गोळा करते, आणि कुणाला किती टोचल्या ते वहीत लिहायला बसते.

‘डालगं तुझं तू आण,’ आजी म्हणते.

‘विणतेय. बांबू कालच आणला.’ मग जरा थांबून, ‘काळी देशील?’

‘काळी देवमोगऱ्याला बोललेली आहे. कबरी घे. बारीक दिसते, पण घार आली तर पिल्लं सोडून पळत नाही ती.’