बाजारच्या गाडीची सर्व्हिस : किलोमीटरवर की तासांवर?

चंद्रपूर-गडचिरोली भागात आठवडी बाजार करणारे आपले कितीतरी व्यापारी बांधव आहेत. कुणी कापड, कुणी बांगड्या, कुणी चपला घेऊन फिरतो. पूर्वी ही फेरी सायकलवर किंवा एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून होत असे. मग राजदूत आली, आणि आता बहुतेकांकडे शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आहे. दुकानाचं भाडं, उधारी, गाठींचा भाव यांचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. ज्या इंजिनावर रोजी चालते त्याचा मात्र ठेवत नाही. मीही ठेवत नव्हतो.

१९९९ सालचा उन्हाळा. तेंदूपत्त्याची मजुरी लोकांच्या हातात यायला लागली होती. या दिवसांत लुगडी, टॉवेल, लहान मुलांचे कपडे यांना जी मागणी असते ती पुढे दिवाळीपर्यंत नसते. मागे दोन गठ्ठे बांधून मी आलापल्लीहून भामरागडकडे निघालो. पेरमिली ओलांडल्यावर एका चढावर इंजिन खडखडू लागलं, मग ताकद गेली, मग गाडी बंद. किक मारायला गेलो तर ती जागची हलेना. एका ट्रकवर गाडी चढवून परत आलो. बाजार हुकला तो हुकलाच. हेड उघडलं तेव्हा कॅम खाल्लेला, पिस्टनवर उभे ओरखडे, आणि तेल जेमतेम वाटीभर.

उस्तादांनी विचारलं, “तेल कब बदला था?” मी म्हणालो, अजून दोन हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. ते म्हणाले, “किलोमीटर तो रस्ते के हैं, मियाँ. इंजन कितने घंटे चला?”

हा प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. डांबरी रस्त्यावर तासाभरात चाळीस-पन्नास किलोमीटर होतात. जंगलातल्या खडीच्या वाटेवर, मागे ओझं असताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधरा-वीस झाले तरी खूप. इंजिन मात्र तेवढंच, किंबहुना जास्तच फिरतं आणि तापतं. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो तो याचसाठी. परदेशात चिखल-मातीच्या शर्यतीच्या मोटोक्रॉस गाड्या असतात, त्यांचाही हिशोब तासांत होतो. या शर्यतींत टू-स्ट्रोकचं राज्य होतं; १९९८ मध्ये यामाहाची वाय-झेड ४०० एफ बाजारात आली आणि फोर-स्ट्रोकचे दिवस परत आले. या गाड्यांचं तेल थोड्या तासांनीच बदलतात आणि एअर फिल्टर धुळीतल्या फेरीनंतर लगेच साफ करतात. आपली गाडी शर्यतीची नाही, पण धूळ तीच आहे. घुग्घुसच्या बाजूला तर तिच्यात कोळसाही मिसळलेला.

चूक मुख्यतः जुन्या सवयीची होती. राजदूतच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळत असू. टाकी भरली की इंजिनाला ताजं तेल मिळे. फोर-स्ट्रोकमध्ये तेच ते लिटरभर तेल इंजिन, क्लच आणि गिअर, तिघांनाही पुरवावं लागतं. १९८५ मध्ये हीरो होंडाची सी.डी. १०० आली तेव्हा ‘पेट्रोल भरा आणि विसरा’ अशा अर्थाची तिची जाहिरात असे. आम्ही तेलसुद्धा विसरलो! गाडीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत, माझं शिक्षण उर्दू माध्यमातलं. ते कपाटात पडून राहिलं.

तेव्हापासून पुस्तकात लिहिलेल्या निम्म्या किलोमीटरवर मी तेल बदलतो आणि बाजाराला निघण्याआधी पातळी पाहतो. तेल मोटारसायकलचंच घ्यावं. कारच्या काही तेलांनी क्लच घसरतो. रिकामा डबा दुकानात तसाच सोडू नये, समोर कापून टाकावा, म्हणजे त्यात पुन्हा कुणी काळं तेल भरणार नाही. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवता येतो. कागदाचा तेलकट फिल्टर धुवायचाही नाही आणि हवा मारून साफही करायचा नाही, तो बदलायचाच.

टॅपेटबाबत गिऱ्हाईकच मेकॅनिकला चुकीच्या वाटेला लावतं. “आवाज बंद करा” म्हणतो आपण, आणि तो टॅपेट आवळून देतो. गाडी गप्प होते, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, शेवटी व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट थंड इंजिनावर, फिलर गेज लावूनच करावेत. या कामाचे पैसे मागितले की आपण कुरकुरतो, हेही खरं.

पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. पण लहान नाले आपण गाडी घालून पार करतोच. पाण्यात गाडी बंद पडली तर लगेच किक मारू नये. सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, मग किक मारून पाणी बाहेर टाकावं. तेल दुधासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करूच नये.

आता काळजी कारागिरांची. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कारबुरेटर जवळजवळ गेला. जेट साफ करून गाडी चालू करणारा हात आता सेन्सरपुढे थांबतो. बिघाड पाहायला स्कॅनर लागतो. २०२३ च्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत शिंपी आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे. अठरा धंद्यांच्या त्या यादीत मोटारसायकल मेकॅनिक नाही. माझे उस्ताद आता थकले. त्यांचा शागीर्द चांगला आहे, पण इंजेक्शनची गाडी आली की तो ती शोरूमला पाठवून देतो, आणि गाडीबरोबर गिऱ्हाईकही जातं. स्कॅनर एका दुकानाला झेपत नसेल तर एका रस्त्यावरच्या तीन-चार दुकानांनी मिळून घ्यावा. कापडाच्या गाठी आम्ही वर्षानुवर्षं अशाच भागीदारीत उचलत आलो आहोत.