कलांचोला हवी लांब रात्र

डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही रोपवाटिकेत गेलात, तर लाल, पिवळ्या, नारिंगी फुलांच्या गुच्छांनी भरलेल्या छोट्या कुंड्या पुढेच मांडलेल्या दिसतात. जाड, चकचकीत, कडेला कातरलेल्या पानांचे हे झाड म्हणजे कलांचो. घरी आणल्यावर त्याचा बहर काही आठवडे टिकतो. पुढच्या हिवाळ्यात मात्र बऱ्याच घरांत या कुंडीत नुसती पानेच दिसतात. मग खत वाढवले जाते, पाणी वाढवले जाते आणि झाड आणखी बिघडते. खरे तर त्याला कमी पडत असतो तो अंधार.

कलांचो मूळचे मादागास्करच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले. जर्मनीतील पोट्सडामचे रोपव्यावसायिक रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ मध्ये ते युरोपच्या बाजारात आणले आणि शास्त्रीय नावातही त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मूळ जातीची फुले शेंदरी लाल असतात; आज दिसणारे बाकीचे रंग आणि भरगच्च दुहेरी फुले ही संकराची देणगी आहे.

या झाडाची पहिली खुबी त्याच्या पानांत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच वेळी त्यांचे बरेच पाणी वाफ होऊन उडून जाते. कलांचो आपली रंध्रे मुख्यतः रात्री, गारव्यात उघडते. रात्री घेतलेला वायू शिदोरीसारखा बांधून ठेवावा, तसा मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवला जातो. दिवसा रंध्रे मिटलेली असतात. तेव्हा आम्लातून तो वायू मोकळा होतो आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर बनते.

या क्रियेचा एक जुना धागा भारतात आहे. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली होती. पानफुटी ही कलांचोचीच सख्खी बहीण. सकाळी आंबट लागणारे पान दुपारपर्यंत बेचव होते, ही त्यांची नोंद १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. साध्या जिभेने टिपलेल्या या निरीक्षणाचा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. अशी झाडे रात्री ऑक्सिजन सोडतात, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ती रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात, पण ऑक्सिजन तयार होण्यासाठी प्रकाश लागतोच.

पाण्याची एवढी काटकसर करणाऱ्या झाडाला रोज पाणी घातले, की मुळे कुजतात. बोट खुपसून पाहावे. माती दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यावे आणि तेही भरपूर, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. पान सुरकुतले तर झाड तहानलेले आहे. पिवळे, मऊ आणि पाणचट झाले तर पाणी जास्त झाले आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, हात आणखी आखडता घ्यावा. बागेतल्या मातीत तेवढीच जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळले, की मिश्रण चांगले निचरते. जागा पूर्वेच्या खिडकीची उत्तम. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण; ओल्या फडक्याने लगेच पुसून काढावा.

आता फुलांविषयी. कलांचो, शेवंती आणि पॉइन्सेटिया ही लहान दिवसांची झाडे आहेत. रात्र पुरेशी लांब झाली, तरच ती कळ्या धरतात. रात्रीची लांबी मोजण्याचे काम पाने करतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड हार्डर यांनी कलांचोच्या एकाच पानाला लहान दिवस दिले, तरी झाडाला फुले आली. म्हणजे पानात तयार झालेला संदेश शेंड्यापर्यंत पोहोचतो. या मोजणीत सलग अंधार महत्त्वाचा असतो. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला, तरी पानातील फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य जागे होते आणि लांब रात्रीचा हिशेब मोडतो. शेवंतीचा बहर पुढे ढकलण्यासाठी फूलउत्पादक रात्री दिवे लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात रात्र सुमारे १३ तासांची असते. म्हणून उघड्या गच्चीवरचे कलांचो आपोआप फुलते. दिवाणखान्यात मात्र रात्री अकरापर्यंत दिवे जळत असतात. झाडाच्या लेखी तिथे उन्हाळा संपतच नाही.

त्यावर उपाय सोपा आहे, फक्त शिस्त हवी. सुमारे सहा आठवडे रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, असे १४ तास कुंडी अंधाऱ्या खोलीत किंवा प्रकाश न शिरणाऱ्या खोक्याखाली ठेवावी. दिवसा तिला भरपूर उजेड द्यावा आणि या काळात पाणी बेताचे ठेवावे. कळ्या स्पष्ट दिसू लागल्या, की झाकण्याची गरज उरत नाही. बहर ओसरल्यावर सुकलेले तुरे आणि वाढलेले शेंडे छाटावेत. छाटलेल्या शेंड्यांचा काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग ते ओलसर वाळूत रोवावेत. नवी रोपे तयार होतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. कलांचोत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. कुत्री, मांजरे, गुरे यांनी ते खाल्ले तर धोका संभवतो. म्हणून कुंडी त्यांच्या आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आपल्या घरी फुलांविना राहिलेले कलांचो असेल, तर ते टाकून देऊ नका. यंदा दसऱ्यापासून त्याला रोज पूर्ण अंधाराची रात्र द्या. संक्रांतीच्या सुमारास फुले येण्यासाठी एवढे पुरेसे आहे.