मोटारीचा तोल आणि त्याचें मोल

जर्मनींतील पोर्शे कारखान्यानें ‘टायकन’ ही विजेवर चालणारी वेगवान मोटार इ. स. २०१९ मध्यें बाजारांत आणली. इ. स. २०२४ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हां चारही चाकांस शक्ति पोहोंचविणाऱ्या प्रकारांसाठीं ‘अॅक्टिव्ह राइड’ नांवाचें सस्पेन्शन जादा पैसे देऊन घेण्याची सोय झाली. हा जादा खर्च करणें शहाणपणाचें आहे काय, असें वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें. ही मोटार आमच्या पालकांपैकीं कोणाच्या दारीं उभी नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

बैलगाडीचें चाक दगडावर चढलें कीं धक्का थेट बसणाऱ्याच्या मणक्यास पोहोंचतो. मोटारींत तो स्प्रिंग झेलते. परंतु एकदां दबलेली स्प्रिंग झोपाळ्यासारखी वरखालीं होत राहते. हा झोका मोडण्यासाठीं तेलानें भरलेला शॉकअॅब्सॉर्बर असतो. तेल बारीक छिद्रांतून जातांना अडतें आणि झोक्याची शक्ति उष्णतारूपानें निघून जाते. म्हणजे साधा शॉकअॅब्सॉर्बर विरोध करूं शकतो, आपण होऊन जोर लावूं शकत नाहीं.

वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते. तो कल आवरण्यासाठीं डाव्या व उजव्या चाकांस जोडणारी पोलादी दांडी बसवितात. पण तिच्यामुळें डावें चाक खड्ड्यांत गेलें कीं उजव्यासही हिसका बसतो. कल कमी करावा तर अंग खिळखिळें होतें, अंग सांभाळावें तर गाडी डुलते. मोटार बनविणारे पुष्कळ वर्षें ह्या कात्रींत सांपडलेले आहेत.

नव्या रचनेंत ही दांडीच नाहीं. प्रत्येक चाकाच्या शॉकअॅब्सॉर्बरास विजेच्या मोटरीवर चालणारा तेलाचा पंप जोडलेला आहे. तो सेकंदास तेरा वेळांपर्यंत चाकास खालीं दाबूं किंवा वर ओढूं शकतो. ब्रेक दाबला तरी मोटारीचें नाक खालीं जात नाहीं. वळणावर तर ती सायकलस्वाराप्रमाणें आंतल्या बाजूस झुकूं शकते. दार उघडतांच ती ५५ मिलिमीटर उंच होते, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांस उतरणें सोपें जातें.

कल्पना मात्र जुनी आहे. इ. स. १९८७ मध्यें आयर्टन सेना ह्यानें मोनाकोची शर्यत अशाच लोटस मोटारींतून जिंकली. इ. स. १९९२ मध्यें विल्यम्स मोटारींतून नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला, आणि इ. स. १९९४ पासून शर्यतींत ह्या रचनेस बंदी झाली. तेव्हां पंपाची शक्ति इंजिनांतूनच काढावी लागे. विजेच्या मोटारींत ती बॅटरींतून सहज मिळते.

शर्यतींत जिंकविणारी रचना रस्त्यावरही वेग वाढवील, असा तर्क येथें कोणीही करील. आमच्या मतें तो फसवा आहे. शर्यतीच्या मोटारीस वारा जमिनीवर दाबून धरतो, आणि तो दाब टिकविण्यासाठीं तिची उंची स्थिर राहावी लागते. रस्त्यावरच्या मोटारीस हा लाभ थोडा. शिवाय वळणावर आंतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो तो मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची व चाकांमधील अंतर ह्यांवर ठरतो. गाडी सरळ दिसली म्हणून तो नाहींसा होत नाहीं. टायकनचें वजन दोन टनांहून अधिक आहे, पण जड बॅटरी तळाशीं असल्यामुळें ती मुळांतच फारशी कलत नाहीं. हवेवर चालणारें चांगलें सस्पेन्शन तर तिला जादा पैसे न देतां मिळतेंच.

मग हे पैसे कोणासाठीं मोजावे? शेजारीं व मागें बसणाऱ्यांसाठीं. सहलीच्या बसमध्यें घाटांत किती मुलांस ओकारी होते हें आमच्या सहशिक्षकांस विचारावें! पाण्याचा तांब्या दोरीस बांधून गरगर फिरविला तर पाणी सांडत नाहीं, कारण तांब्याचा तळ बाहेरच्या बाजूस वळलेला असतो. तसेंच, मोटार आंत झुकली म्हणजे बाजूचा रेटा थोडाफार बैठकीकडे वळतो, आणि शरीर कमी ढकललें जातें.

लूककृत शुभवर्तमानांतील बुरूज बांधणारा आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. येथें हिशेब केवळ खरेदीचा नव्हे. पंप, झडपा व तेलाच्या नळ्या वाढल्या कीं बिघडण्याच्या जागाही वाढतात. तीन वर्षांनीं मोटार विकणाऱ्यास त्याची चिंता थोडी. दहा वर्षें ठेवणाऱ्यानें हमीची मुदत आधीं वाचावी. घरांत म्हातारीं माणसें असून रस्ता खराब असेल, तर आम्ही ‘घ्या’ म्हणूं. एकट्यानें वेगासाठीं हांकणाऱ्यानें तेच पैसे उत्तम टायरांवर खर्चावे. दोन्ही प्रकारच्या मोटारी एकाच वाईट रस्त्यावर नेऊन, एकदां तरी मागच्या बैठकीवर बसून पाहावें.

आमच्या विद्यार्थ्याचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. “गुरुजी, गाडी कललीच नाहीं, तर आपण फार जोरांत वळलों हें चालकास कळणार कसें?” असें त्यानें विचारलें. शंका रास्त होती. कल हा चालकास मिळणारा एक इशारा असतो आणि तो येथें मंद होतो. आंत झुकण्याची रीत चालकास निवडतां येते, म्हणून अनोळखी घाटांत ती बंद ठेवावी, असें आम्ही त्यास सांगितलें.