अंगणातली इटालियन

इटालियन बाइक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लालभडक डुकाटी, शोरूमची काच आणि काचेला नाक लावून उभे असलेले आपण! ईएमआयचं गणित दोनदा मांडून बघायचं आणि गुपचूप घरी यायचं. २०२३ च्या अखेरीस आलेल्या एप्रिलिया आरएस ४५७ ने हे गणित थोडं जवळ आणलं, कारण ती चक्क आपल्या बारामतीत बनते. तरीही खिशाला चाट ती चाटच.

पण थांबा. एक इटालियन तुमच्या घरी आधीपासूनच असण्याची दाट शक्यता आहे. जिन्याखाली बघा. लहानपणच्या सायकलीच्या मागे, रद्दीच्या गठ्ठ्यांना टेकून, अंगावर जुनी चादर घेऊन उभी असलेली. हो, बाबांची चेतक!

दचकलात? ऐका तर खरं. १९४६ मध्ये इटलीत पॉन्तेदेरा इथल्या पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. युद्धाआधी तिथे विमानं बनायची, आणि स्कूटरचा जनक कोर्रादिनो दास्कानिओ हाही विमानांचाच इंजिनिअर. मोटरसायकल त्याला अजिबात आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, चाक काढताना जीव जातो, टांग टाकून बसावं लागतं, अशा त्याच्या तक्रारी होत्या. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, गिअर हँडलवर आणले आणि विमानासारखं एका बाजूने निघणारं चाक दिलं. ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. १९६० मध्ये बजाजने पियाजिओशी करार केला आणि ही गांधीलमाशी भारतात बनू लागली. करार १९७१ मध्ये संपला, पण डिझाइन राहिलं. १९७२ मध्ये त्याच अंगकाठीवर राणा प्रतापच्या घोड्याचं नाव लागलं आणि चेतक जन्माला आली. त्याच साली नगरच्या कायनेटिकने काढलेली लूनाही पियाजिओच्याच मोपेडवरून घेतलेली. थोडक्यात, सगळा महाराष्ट्र इटालियन गाड्यांवरून भाजी आणत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं!

२०२० पासून चेतक नावाने मिळते ती इलेक्ट्रिक. आपण बोलतोय जुन्या, १४५ सीसीच्या, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणाऱ्या चेतकबद्दल. सध्या ती परत बाहेर काढायची क्रेझ आहे. चादर झटकायची, फोटो टाकायचा आणि थेट पेंटरकडे. पिस्ता कलर, क्रोमचा गार्ड, पांढऱ्या पट्ट्याचे टायर. पंधरा दिवसांत गाडी एकदम झक्कास. आणि मग लाँग वीकेण्डला मागे कुणाला तरी बसवून अष्टविनायकाला.

इथेच खरी गोम आहे.

पत्रा हाच सांगाडा

बुलेटला किंवा बहुतेक मोटरसायकलींना वेगळी फ्रेम असते. टाकी, सीट, मडगार्ड सगळं तिच्यावर चढवलेलं. चेतकला अशी फ्रेम नाही. दाबून वळवलेला पोलादी पत्रा हीच तिची बॉडी आणि तोच तिचा सांगाडा. विमानाच्या कवचासारखा. तुम्ही पाय ठेवता तो फ्लोअर नुसता फ्लोअर नाही, पुढचा फोर्क आणि मागचं इंजिन यांना जोडून ठेवणारा तो एकमेव दुवा आहे. मोटरसायकलचं मडगार्ड गंजलं तर ती विद्रूप दिसेल, बस्स. चेतकचा फ्लोअर गंजला तर ती भर घाटात वाकू शकते.

आणि गंज नेमका तिथेच धरतो. रबरी मॅटखाली पावसाचं पाणी वर्षानुवर्षं साचलेलं असतं. तेव्हा रंगाची शेडकार्ड बघण्याआधी मॅट उचला. गाडी आडवी करून खालून बघा. ब्रेकच्या पेडलाजवळ, स्टँडच्या बोल्टांपाशी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर देव पावला. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले, तर पहिला फोन वेल्डरला करा. पेंटरचा नंबर नंतर.

गाडी दुसऱ्याकडून ‘रिस्टोअर केलेली’ घेताय? मग फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून जा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी थापलेली आहे. आशियातून परदेशात गेलेल्या कितीतरी जुन्या व्हेस्पा अशाच वरून चकाचक आणि आतून ठिगळं लावलेल्या निघाल्या. तिकडचे जाणकार आता चमक बघून खूश होण्याऐवजी सावध होतात. आपणही व्हायला हरकत नाही.

रविवारचा कार्यक्रम

पत्रा धड असेल तर पुढचं बरंचसं काम घरच्या घरी होतं. अगदी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीची परवानगी काढून! ही गाडी बनलीच तशी आहे. एक लांब बोल्ट, मागचा शॉकअॅब्सॉर्बर, केबल, वायरिंग आणि पेट्रोलचा पाइप सोडला की अख्खं इंजिन चाकासकट हातात येतं. अर्थात पहिल्याच रविवारी एवढी मजल मारू नका.

सुरुवात प्लगपासून. बॉक्स पाना लावून काढा आणि टोकाचा रंग बघा. चॉकलेटी असेल तर इंजिन खूश. काळाकुट्ट आणि ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा चोक अडकलेला. पांढराफटक म्हणजे जास्त काळजी, कारण कुठून तरी हवा ओढली जातेय आणि इंजिन तापतंय. पॉलिश पेपरने साफ करा, फटीत फिलर गेज घालून ०.६ मिलिमीटर अंतर आहे ना ते बघा आणि परत बसवा. बाबा हे काम फुंकर मारून आणि डोळा बारीक करून करायचे, पण गेज काही महाग मिळत नाही.

मग ऑइल. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळावं लागतं, लिटरला २० मिली. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर मागचे लोक शिव्या घालतात. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, साधारण पाव लिटर. इथे कारचं महागडं, गुळगुळीत ऑइल घालण्याचा मोह आवरा. चेतकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे जास्त चिकणं ऑइल म्हणजे चढावर घसरणारा क्लच.

आता जरा नवी भानगड. बाबांच्या काळात पेट्रोल म्हणजे पेट्रोल होतं. आज पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचा पाइप आधी फुगतो, मग चिरतो. कार्बोरेटरमधली वॉशर मऊ पडते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये चिकट गाळ बसतो. उपाय दोन. इथेनॉल चालणारा नवा पाइप आणि वॉशर टाकून घ्या. आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. मग पुढच्या वेळी चालू करताना गाडी आडवी करून झोपवायची वेळ येणार नाही. (तिरकी केली की पेट्रोल कार्बोरेटरकडे सरकतं, हा तमाम काका मंडळींचा विश्वास. त्यात कुणी ढवळाढवळ करू नये.)

चाक बदलणं तर फारच सोपं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चेतकची रिम दोन अर्ध्यांची असते. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि ते दोन अर्धे एकमेकांना धरणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सोडले तर रिम फुटून तोंडावर येते. आधी हवा सोडा, मगच पाना लावा. अनुभवी मेकॅनिक हे न बोलता करतो, म्हणून कुणी सांगत नाही.

मेकॅनिकवरून आठवलं. डोळे मिटून पॉइंट सेट करणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे. गल्लीतले असे एखादे काका अजून दुकान उघडत असतील तर त्यांच्याकडे गाडी नुसती सोडून येऊ नका. शेजारी स्टूल टाकून बसा, चहा सांगा आणि बघत राहा. क्लच प्लेट बदलायचं काम यूट्यूबवरही दिसतं, पण नट किती आवळायचा हे मनगट बघूनच कळतं. पार्टसाठी नाना पेठ आहेच. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर एखादं ओरिजिनल हँडल किंवा दिव्याची रिम सापडून जाते. घासाघीस मस्ट!

मेकअप करा, सर्जरी नको

आता सजावट. सीट बदला, टायर बदला, मॅट बदला, आरसे लावा, बिनधास्त. रंगही बदला, पण त्याची नोंद आरटीओकडून आरसी बुकात करून घ्या. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत एलईडी हेडलाइट नुसता खोचला तर लुकलुकेल किंवा जळेल, आधी वायरिंगचा विचार करावा लागतो.

मागचा पत्रा कापून ‘बॉबर’ करणं किंवा फ्लोअर छाटून अरुंद करणं हे मात्र साफ नको. एक तर सांगाडाच कापला जातो. दुसरं, कायदा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तिसरं, थोडं स्वार्थाचं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. सुरुवातीच्या चेतक आता या वयात आल्यात. पण अट अशी की चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच बाहेर काढायची. तेव्हा फिरायची हौस असेल तर साधी नोंदणी रिन्यू करत राहणंच बरं.

परीक्षा केंद्र : लेण्याद्री

गाडी खरंच तयार झाली का? एफसी रोडवर चक्कर मारून हे कळत नाही. लेण्याद्रीला जा. पुण्याहून साधारण ९५ किलोमीटर, चाकण, राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर. एका दिवसात जाऊन-येऊन होतं, वाटेत चढ-उतार आहेत आणि दर थोड्या अंतरावर गाव आहे, म्हणजे बंद पडलात तरी अनाथ नाही. पहाटे निघा. चाकणचं ट्रॅफिक कुणाचीच गाडी थंड ठेवत नाही.

चढावर गाडी रडायला लागण्याआधी गिअर उतरवा. खरी गंमत उतारावर. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलसोबतच. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून दिलात तर चाकं इंजिनाला गरागरा फिरवतात आणि पोटात ऑइल जवळजवळ जातच नाही. म्हणून मधूनमधून हलकासा अॅक्सिलरेटर द्या. ब्रेक ड्रमचे आहेत. सतत दाबून धरले तर तापून ढिले पडतात, म्हणून दाबा-सोडा करत उतरा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. मंचरच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतील. त्यांच्यावर चिडू नका, तुमच्या टाकीतलं इथेनॉल उसापासूनही बनतं!

लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावलीत की सीटवर खाऊची पिशवी ठेवू नका. माकडं टपलेलीच असतात. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही बौद्ध लेणी, त्यांतल्या सातव्यात गिरिजात्मज विराजमान आहे. आत गेल्यावर वर बघा. एवढा मोठा मंडप आणि मधे एकही खांब नाही, अख्खा एका कातळात कोरलेला. भिंत हीच आधार. आपल्या गाडीची आठवण झाली तर नवल नाही. आणि इटलीचा माल इथवर येणंही तसं नवं नाही म्हणा. सातवाहनांच्या काळात समुद्रापलीकडचा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरलाच यायचा, आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आजही वाचता येतात.

खाली उतरेपर्यंत इंजिन निवलेलं असेल. निघण्याआधी पाच मिनिटं काढा. गाडीखाली ऑइलचा डाग पडलाय का बघा, चाकांचे नट पान्याने तपासा, क्लचची केबल ताणली असेल तर अॅडजस्टर दोन आटे फिरवा. मग नारायणगावात मासवडी हाणा. आणि घरी पोचल्यावर, कितीही कंटाळा आला तरी, इंजिन निवलं की प्लग एकदा काढून बघा. दिवसभराच्या पळापळीनंतर त्याचा रंग जे सांगतो ते पार्किंगमध्ये कधीच कळत नाही. पांढरा निघाला तर पुढच्या रविवारी कार्बोरेटर खोला. चॉकलेटी निघाला तर शेडकार्ड मागवा.