चुकलात? मग गोलाईत या!

ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि मी ‘लातूर’ म्हटलं, की पुढचे तीन प्रश्न ठरलेले. पॅटर्न? भूकंप? रेल्वेनं आलेलं पाणी? किल्लारीचा भूकंप १९९३चा, मिरजेहून पाण्याची गाडी आली २०१६मध्ये. खोटं काहीच नाही. पण माझ्या गावाची ओळख फक्त मार्कलिस्ट आणि संकटं? छे! या वीकएण्डला शेजारच्या डेस्कवरच्या ऋचालाच (पक्की पुणेकर!) उचललं आणि थेट गंजगोलाईत नेऊन उभं केलं.

गंजगोलाई म्हणजे चक्क गोल बाजार. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला. दुमजली इमारत १९१७ची, म्हणजे निजामाच्या काळातली. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानांचं कडं आणि त्याला येऊन मिळणारे तब्बल १६ रस्ते. प्रत्येकाचा थाट वेगळा. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन... कुठे चपला, कुठे गूळ, कुठे मिरचीचे ढीग. मॉलमध्ये मजले असतात, आमच्याकडे रस्ते!

मिरचीच्या खकाण्यानं मला सटासट शिंका आल्या. डोळे पुसून बघते तर ऋचा गायब. फोन लावला.

‘‘अगं, गोलाईसमोर उभी आहे!’’

‘‘कुठल्या बाजूला?’’

‘‘गोल आहे ना ही! बाजू कुठून आणू?’’

दहा मिनिटांनी बाईसाहेब देवळाच्या पायरीवर सापडल्या. हातात पावशेर मिरची. दुकानदार काकांनी म्हणे सांगितलं, ‘‘ताई, चुकलं की पुढं पुढं नाही जायचं. मधात यायचं, देवीपाशी.’’

मी गप्पच झाले. लहानपणी बाजारात शिरताना आई अगदी हेच बजावायची, ‘‘हात सुटला तर पायरीवर बस. मी तिथंच येते.’’ एकदा खरंच सुटला होता. मी बसले, रडले आणि आई आली. हे मी कसं विसरले होते?

सोमवारी कॅण्टीनमध्ये कुणीतरी विचारलंच, ‘‘लातूर म्हणजे ते भूकंपवालं ना?’’ मी तोंड उघडायच्या आत ऋचा सरसावली, ‘‘थांब, आधी गोलाई ऐक. सोळा रस्ते आहेत...’’

जाणार असाल तर : पुण्याहून रात्रीची बस पकडा, सकाळी लातुरात. कार लांबच लावा, गोलाई पायीच फिरा. आणि चुकलात तर काय करायचं, ते आता माहीत आहेच!