पाश्चात्त्य स्त्री-व्यक्तिचित्रांतील पौर्वात्य वेश

व्यक्तिचित्रातील वेश केवळ देह झाकण्यासाठी नसतो. चित्रित व्यक्ती स्वतःला कोणत्या रूपात पाहू इच्छिते, हेही तो सांगतो. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय स्त्रियांच्या चित्रांत पौर्वात्य वस्त्रे वारंवार आढळतात. त्यांचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत.

पहिला प्रकार सोंगाचा. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची सहचरी मादाम द पोंपादूर हिच्या बेलव्ह्यू येथील शयनगृहासाठी शार्ल-आंद्रे व्हान लू याने १७५५ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात ती तुर्की सुलतानाच्या राणीच्या वेशात बसून दासीने आणलेली कॉफी घेत आहे. तिने किंवा चित्रकाराने तुर्कस्तान पाहिलेला नव्हता. तरीही हे सोंग निरर्थक नाही. राजाची विवाहित पत्नी नसलेली ही स्त्री दरबारातील आपले अग्रस्थान त्या वेशातून सूचित करते.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष वापराचा. नेपोलियनच्या इजिप्तवरील मोहिमेनंतर (१७९८–१८०१) काश्मिरी शाल फ्रान्समध्ये प्रतिष्ठेचे चिन्ह ठरली. सम्राज्ञी जोझेफीन हिच्या चित्रांत ती दिसते. अँग्र याच्या ‘मादाम रिव्हिएर’ (१८०६) या चित्रात शुभ्र पोशाखावरून रुळणारी शाल पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. तिच्या काठावरील आकृती आपल्याला परकी नाही. आपण जिला ‘कोयरी’ म्हणतो, तिच्याच कुळातील ती आहे. पुढे स्कॉटलंडमधील पेझ्ली गावात या शालींच्या नकला विणल्या गेल्या आणि इंग्रजीत त्या आकृतीला गावाचेच नाव चिकटले. मूळ काश्मीर मात्र नावातून पुसले गेले.

पूर्वेविषयीच्या पाश्चात्त्य प्रतिमा पूर्वेपेक्षा पश्चिमेविषयीच अधिक सांगतात, असे एडवर्ड सईद यांनी ‘ओरिएंटलिझम’ (१९७८) या ग्रंथात दाखवले. वरील दोन्ही चित्रांना हे लागू पडते. पहिल्यात खरी तुर्की स्त्री नाही. दुसऱ्यात शाल खरी आहे, पण महिनोन् महिने मागावर बसून ती विणणारा कारागीर नाही. म्हणून वेश वाचताना ‘चित्रात कोण आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोण नाही?’ हाही प्रश्न विचारावा. कथा-कादंबऱ्यांतील वेशवर्णने अभ्यासतानाही ही दृष्टी उपयोगी पडते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपण वाचलेल्या एखाद्या मराठी कादंबरीतील स्त्री-पात्राच्या वेशवर्णनातून काय सांगितले जाते व काय अव्यक्त राहते, ते थोडक्यात लिहा.